खारंगोडाची पैज

१८ नोव्हेंबर

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ताप उतरला का म्हणून विचारलं आहेस. उतरला बाई, पण रिकाम्या हाताने गेला नाही, जाताना माझ्या तोंडाची चव घेऊन गेला. खोकला थांबला, अंगदुखी पळाली, चव मात्र परत यायचं नाव घेत नाही. चहात साखर पडली की मीठ, याचा मला पत्ता लागत नाही. परवा एका गिऱ्हाईक बाईंना मी नासक्या दुधाचा चहा आग्रह करकरून पाजला. बाई सभ्य, सगळा प्यायल्या. शिवायला टाकलेला कोट न्यायला मात्र अजून फिरकल्या नाहीत. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू, घाई करू नका. मला कसली घाई! घाई झाली आहे ती तुझ्या तीर्थरूपांना.

त्याचं असं झालं. हिवाळा तोंडावर आला की भाऊ मला एक ठरलेलं पत्र लिहितो, ते तुला ठाऊक आहे. अक्का, तुझं वय झालं, जिना उभा आहे, कुठे पडलीस तर बघणार कोण, तेव्हा ते शिवणाचं दुकान बंद कर आणि इकडे राहायला ये. मी दर वर्षी उत्तरादाखल खारंगोडाचा डबा पाठवते. त्याचं तोंड खाण्यात गुंतलं की विषय पुढच्या हिवाळ्यावर जातो. इतकी वर्षं हे कसं सुरळीत चाललं होतं. यंदा मात्र त्याने डोकं लढवलं. लिहितो की, बाईमाणसाला आपलं आपण नीट करता येतं की नाही, हे तिच्या हातच्या चवीवरून कळतं. तेव्हा डबा नेहमीसारखा आला तर तो जन्मात पुन्हा हा विषय काढणार नाही. पण मीठ-साखरेत जरा जरी इकडचं तिकडे झालं, तर मी घराला कुलूप घालायचं आणि त्याच्या मागच्या खोलीत कायमचं राहायला जायचं.

मला असा संताप आला! ज्याचं नाक मी पुसलं, तो मला परीक्षेला बसवतो? तिथल्या तिथे कार्डावर कबूल एवढंच लिहिलं, खाली उतरून पेटीत टाकलं, आणि जिना चढताना अर्ध्यावर आठवलं की परीक्षा जिभेची आहे आणि जीभ तर माझ्याकडे नाही. तशीच परत फिरले आणि पेटीत हात घालून पाहिला. मनगटापर्यंतच जातो.

हसू नकोस. भाऊच्या घरी मला काटे टोचणार नाहीत, हे मलाही कळतं. पण माझं खिडकीतलं मशीन, माझा आरसा, दिवसभर वर-खाली करणारी माणसं, हे सगळं सोडून मी मागच्या खोलीत बसून दुसऱ्याच्या घड्याळावर जेवायचं म्हणजे आठवडाभरात सुकून जाईन. आणि हे सगळं मी एका डब्यावर लावून मोकळी झाले आहे. आता शत्रूच्या गोटात माझं माणूस तूच. काहीतरी सुचव. आणि ही गोष्ट पोटात ठेव. भाऊला चवीचं कळलं तर त्याला डबा उघडायचीही गरज उरणार नाही.

तुझी खोडी काढायला मिळावी म्हणून तरी लवकर भेट. माया आहे तशीच.

तुझी आत्या


२५ नोव्हेंबर

ती. आत्यास, खारूताईचा शि. सा. न. वि. वि.

चव गेली पण संताप शाबूत आहे, हे वाचून जिवात जीव आला. पेटीत हात घातलास तेव्हा पोस्टमनने पाहिलं नाही ना? पाहिलं असेल तर दुकानाच्या आधी तुझी अब्रू जाईल.

इकडची हालहवाल सांगते. बाबांनी नोकरी सोडली तरी वजनमापांचं निरीक्षण सोडलेलं नाही. सकाळी पाव आणला की तो आधी तराजूत जातो आणि मग पोटात. कोपऱ्यावरचा बेकरीवाला त्यांना लांबून येताना बघून एक पाव जास्तीचा बांधून ठेवतो, आणि बाबा तो जास्तीचा पाव परत करायला पुन्हा जातात, कारण जास्त देणं हेही चुकीचंच माप. परवा मी त्यांना सहज विचारलं, की आत्याचं खारंगोड जरासं वेगळं लागलं तर काय एवढं बिघडलं? त्यावर म्हणाले, की जरासं या शब्दाखाली जगातली सगळी लबाडी चालते. म्हणजे दयामाया नाही, हे धरून चाल.

मागच्या खोलीला त्यांनी नवा रंग दिला आहे. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मला खरं तर तुला एक बातमी द्यायची होती, ती या भानगडीत मागे पडली. मी ज्याचे नकाशे काढत होते तो पूल मंजूर झाला. हिवाळा संपला की मला तिकडे कामावर राहायला जायचं आहे, पूल उभा राहीपर्यंत. बाबांना सांगितलं तेव्हा उत्तम, फार उत्तम म्हणाले, आणि लगेच मागच्या खोलीत जाऊन पडद्याची दांडी बसवायला लागले. दांडी तीनदा वाकडी लागली. एरवी त्यांच्या हातून असं होत नाही.

आता तुझ्या कामाचं. बदाम, अक्रोड, शेंगदाणे आणि मक्याच्या लाह्या खमंग भाजायच्या, साखर, मध आणि लोण्याच्या पाकात घोळवायच्या आणि कोरड्या थंडीत कुरकुरीत होऊ द्यायच्या, एवढं खारंगोड मलाही पाठ आहे. पण पाकात मीठ किती, हे विचारलं की तू दर वर्षी म्हणतेस, जिभेला विचार. मग दुसऱ्याच्या जिभेला विचार ना! खाली न्हावी आहे, वर गाण्याच्या बाई आहेत. दोघांनाही बस म्हटलं की खायला बसतात. आणि बाबांचीच एक शिकवण तुझ्या उपयोगाची आहे. ते दुकानातून नमुना उचलायचे तेव्हा त्यातलाच एक वाटा वेगळा बांधून ठेवायचे, पुढे वाद झाला तर असावा म्हणून. तू डबा घरी पाठव आणि त्याच घाण्यातली एक पुडी माझ्या कचेरीच्या पत्त्यावर पाठव. बिघडलं असेल तर मी आधी कळवीन, म्हणजे रडायला तुला वेळ मिळेल.

माझ्यासाठी पुडी जरा मोठी बांध. शास्त्रासाठीच म्हणते.

तुझ्या आशीर्वादावर आणि खाऊवर वाढलेली,
खारूताई


२ डिसेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं कबूल असं कार्ड पोचलं. अक्षरावरून तू रागावलेली दिसतेस. राग हा पैजेचा भाग नाही.

नंतर तक्रार नको म्हणून नियम लिहून कळवतो. डबा कापडात शिवून पाठवावास, म्हणजे वाटेत कोणी हात घातला असं म्हणायला जागा राहणार नाही. तो मी खारूताईला सुट्टी असेल त्या दिवशी तिच्या समक्ष उघडीन. निकाल मी देईन. भाऊच न्यायाधीश कसा, अशी शंका तुझ्या मनात येईल. नोकरीत असताना मी बायकोच्या सख्ख्या भावाच्या दुकानातलं खोटं वजन जप्त केलं होतं, हे तुला आठवत असेल. तो अजून माझ्याशी बोलत नाही. तेव्हा माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल तू निश्चिंत राहावंस.

गार पाण्याने भांडी घासू नकोस. जिन्यावर दिवा लावून ठेवत जा. तुझ्या मशीनची लांबी आणि रुंदी कळव. नुसतं विचारून ठेवतो.

लोभाची वाढ व्हावी ही विनंती.

तुझा धाकटा भाऊ


११ डिसेंबर

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पुलाची बातमी वाचून मी खिडकीतून खाली ओरडून न्हाव्याला सांगितली. तो म्हणाला, की पूल पडला नाही म्हणजे मिळवलं. मी त्याला सांगून टाकलं, की आमची मुलगी काढते ते पूल पडत नसतात. शाब्बास पोरी. तिकडे थंडीत कानाला बांधत जा.

आता डबा. तुझा सल्ला ऐकला आणि पस्तावले. न्हावी आणि गाण्याच्या बाई, दोघांना एकाच वेळी बोलावलं, ही पहिली चूक. न्हाव्याने तोंडात टाकलं आणि म्हणाला, मीठ कमी. घातलं. बाईंनी तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, गोडी कमी, शिवाय घशाला ओढतंय. साखर घातली. तो म्हणाला, आता पुन्हा मीठ कमी. मग पाक जास्त झाला म्हणून लाह्या वाढवल्या, लाह्या कोरड्या पडल्या म्हणून पाक वाढवला. कढई भरली, परात भरली, शेवटी कापड भिजवायचा नवाकोरा टब खाली काढला. संध्याकाळपर्यंत दोघांचं भांडण गाण्यावर गेलं, कारण बाई रियाझ करतात तेव्हा न्हाव्याचा वस्तरा हलतो म्हणे. टबातला माल शेवटी शेजारच्या गल्लीतल्या पोरांनी दोन दिवसांत संपवला. पोरं काहीही खातात, तेव्हा त्यावरून काही कळलं नाही.

मग मी विचार केला. चव मला कळत नाही, पण माणसं तर कळतात. माणसाला विचारलं की ते शहाणपणा करायला लागतं. न विचारता बघावं. मी तीन लहान घाणे काढले, एकात मीठ हात राखून, एकात मध्यम, एकात सढळ. तीन वाट्यांत भरून गिऱ्हाइकं बसतात त्या टेबलावर ठेवले आणि आपण तोंडात टाचण्या धरून, पाठ करून, आरशातून बघत राहिले. बाई, काय सांगू, असा तमाशा मी आजवर का पाहिला नाही! एका वाटीतलं खाल्लं की माणसं बोटं रुमालाला पुसतात आणि हात मांडीवर ठेवतात. ती फार गोड. दुसरीतलं खाल्लं की इकडे तिकडे बघून पाणी मिळेल का विचारतात. ती खारट. आणि तिसरी वाटी मात्र माणसाला न सांगता रिकामी होते. तोंड अस्तराबद्दल बोलत असतं आणि हात आपला जातो-येतो, जातो-येतो. एक गृहस्थ कोट पोटावर सैल करायला आले होते. ती वाटी त्यांच्यापाशी ठेवून मी खांद्याचं माप घेत बसले. शेवटी पोटाचं माप मला पुन्हा घ्यावं लागलं.

त्या वाटीसारखा मोठा घाणा केला. पाक झाला की नाही, हे त्याच्या आवाजावरून ओळखलं. बुडबुड थांबून खदखद सुरू झाली की उतरवायचा, तिथे जिभेचं काम नाही. खिडकीत पसरून गार वाऱ्यावर वाळवलं. डबा भरून, कापडात शिवून काल टाकला. तुझी पुडी वेगळी. खाऊन खरं खरं सांग. रात्री उगाच डोळा लागत नाही, घरातल्या एकेका वस्तूकडे बघत बसते. इतकी वर्षं या आरशाने माझं तोंड पाहिलं, आता मला त्याची सवय सोडवणार नाही.

बाकी सर्व ठीक. पत्राची वाट बघते, म्हणजे खरोखरच खिडकीत बसून बघते.

तुझी आत्या


२१ डिसेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

डबा शनिवारी मिळाला. ठरल्याप्रमाणे आज रविवारी सकाळी चहा झाल्यावर खारूताईच्या समक्ष उघडला. कळवायला वाईट वाटतं, पण खारंगोड खारट आहे. थोडंथोडकं नव्हे, पहिल्या घासाला पेलाभर पाणी लागलं. डबा खारट आहे हे माझं विधान शब्दशः खरं आहे. मुलीनेही खाल्लं, तिला विचारून खात्री करावी.

तेव्हा पैजेचा निकाल लागला. तू नाराज होऊ नयेस. खोली चांगली झाली आहे. खिडकी मशीनच्या डाव्या अंगाला येईल, म्हणजे हाताची सावली कापडावर पडणार नाही. तुझ्या मशीनच्या मापाचं टेबल तिथे ठेवून मी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी उजेड तपासला. खिडकीतून रस्ता दिसतो. फार वर्दळ नाही, पण शाळा सुटते तेव्हा बरीच गंमत असते. रेडिओ संध्याकाळी तुला हवा तो लावू, मी बातम्या सोडीन. तू सकाळी लवकर उठतेस की अजून लोळतेस? मी उठून चहा करीन. दोघांचा चहा नीट होतो. एकट्याचा कधी पाणचट होतो, कधी कडू, प्रमाण साधत नाही.

सामान केव्हा बांधतेस ते कळव. कळवशीलच.

तुझा धाकटा भाऊ


२१ डिसेंबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र आणि हे पत्र एकाच टपालात पडेल. त्यांचं वाचून तू कपाळाला हात लावला असशील. आधी हात खाली घे आणि हे वाच.

तुझी पुडी मला शुक्रवारी कचेरीत मिळाली. मी टेबलावर उघडली आणि पुलाचा एक खांब काढून होईपर्यंत ती संपली होती. हात जातो-येतो म्हणतेस ना, तस्साच. नकाशावर लोण्याचे ठसे उमटले, साहेब ओरडले, आणि मग पुडीच्या कागदाला चिकटलेलं त्यांनीच खाल्लं. आत्या, ते अगदी तुझं खारंगोड होतं. तुझी चव गेली असेल, हात कुठे गेला नाही.

आणि आज डबा उघडला तर समुद्र! मी चक्रावूनच गेले. एकाच घाण्यातलं इकडे अमृत आणि तिकडे मिठागर कसं होईल? बाबांची पाठ वळल्यावर मी डबा हलवून पाहिला. तळाशी पांढरं पीठ बसलं होतं, बारीक सुटं मीठ. तू तर मीठ पाकात विरघळवतेस, मग हे सुटं कुठून आलं? मग मला आठवलं, की काल मी बाजारातून आले तेव्हा बाबा बोट तोंडात धरून बसले होते. विचारलं तर म्हणाले, की कुसळ गेलं. घरात कुसळ कुठलं? आणि छोटा तराजू खोक्यातून बाहेर होता, त्याचं पारडं धुऊन पालथं घातलेलं. डब्यावरचं कापड मी गुपचूप काढून घेतलं आहे, ते सोबत घालते. शिवण तुझी आहे का, ते मला कळत नाही, मला बटणही लावता येत नाही. तू बघ.

मी अजून ब्र काढला नाही. ते सकाळपासून शीळ घालत हिंडत आहेत. आजवर मी त्यांना शीळ घालताना ऐकलं नव्हतं, सुरात येत नाही. खरं सांगू का, मला राग यायला हवा होता, पण येत नाही. हल्ली ते मला पुलाबद्दल सारखं विचारतात. परवा म्हणाले, की पूल वर्षभर रखडला तर फार वाईट होईल, नाही का? बोलणं काळजीचं होतं आणि चेहरा आशेचा. मी रखडणार नाही म्हटल्यावर बरं झालं म्हणाले आणि उगाचच खोलीतला दिवा लावून बघून आले.

पण म्हणून तुझं घर जायला नको. तू म्हणशील तर मी त्यांच्या तोंडावर सांगते. तू सांगेपर्यंत गप्प बसते, आणि गप्प बसणं मला किती जड जातं ते तुला माहीत आहे.

तुझ्याच पक्षाची,
खारूताई


२८ डिसेंबर

चि. भाऊस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं निकालपत्र पोचलं. त्याच टपालाने डब्यावरचं कापडही माझ्याकडे आलं आहे. कोणी पाठवलं ते विचारू नकोस. जिला घरात ठेवून तू चोरी केलीस, तिला तूच नमुने राखायला शिकवलं होतंस.

आता ऐक. कापडाच्या तीन बाजू माझ्या आहेत. चौथ्या बाजूचे टाके उसवून पुन्हा घातले आहेत. टाके आहेत की चालत्या गाडीतून सांडलेले पोहे, देव जाणे. शिवाय ते सगळे उलट्या अंगाला कललेले आहेत, म्हणजे घालणारा डावखुरा. आपल्या कुटुंबात डावखुरा कोण आहे? कोपऱ्यावर रक्ताचा एक ठिपका आहे. बोटाला काही लावलंस का? पोत्याची सुई घेतलीस ना? ती पातळ कापडाला घेत नाहीत रे गाढवा.

आणखी एक गंमत सांगते, म्हणजे तू रात्री नीट तळमळशील. तापात माझी चव गेली आहे. अजून आलेली नाही. ते खारंगोड मी गिऱ्हाइकांच्या हातांकडे बघून केलं. तेव्हा डबा जसा होता तसा ठेवून तू नुसतं खारट आहे असं लिहिलं असतंस, तरी मी मुकाट्याने मानलं असतं आणि सामान बांधलं असतं. एक ओळ खोटी लिहायची, की झालं होतं. पण तू पडलास सत्यवादी! तुला खोटं बोलवेना, म्हणून आधी डबा खारट केलास आणि मग त्याबद्दल अगदी खरं लिहिलंस. इतका प्रामाणिक लबाड मी आजवर पाहिला नाही. मीठही तोलूनच घातलं असशील.

वाचून मी इतकी हसले की वरून गाण्याच्या बाई खाली आल्या. त्यांना कापड दाखवलं, आणि दाखवता दाखवता माझं हसू कुठे गेलं ते कळलं नाही. ज्या माणसाच्या सदऱ्याचं बटण तुटलं की तो सदरा टपालाने माझ्याकडे पाठवतो, तो माणूस एका शनिवारी सुई-दोरा घेऊन, चष्मा पुसून, बोटं टोचून घेत शिवायला बसला. कशासाठी, तर मी घरी यावं म्हणून. भाऊ, इतकी वर्षं तू मला लिहितोस की अक्का, तू एकटी आहेस. मला वेडीला कधी सुचलं नाही की तू पत्ता चुकीचा घालतो आहेस.

तर आता माझा निकाल. पैज मी जिंकले. माझं घर माझं, मशीन माझं, जिना माझा. परीक्षेत नापास झालेली म्हातारी म्हणून मी तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही. जिन्याचं आणि वयाचं पुराण पुन्हा लावलंस तर पत्र न वाचता परत धाडीन. पण खारूताई गेल्यावर तुला मी तिथे हवी असेन, तर सोंग न करता तसं लिही. मागून बघ. मागितलेलं मी तुला कधी दिलं नाही, असं झालंय का?

रागावले आहे असं समज, पण फार नाही.

तुझी अक्का


४ जानेवारी

ती. अक्कास, भाऊचा साष्टांग नमस्कार.

समक्ष तपासणी करता खालील बाबी आढळून आल्या, असं मी नोकरीत जन्मभर लिहिलं. आज स्वतःबद्दल लिहितो. मीठ मी घातलं. होय, तोलून घातलं. टाके मी घातले, ते अंदाजाने घातले. पैज तू जिंकलीस. उरलेलं खारंगोड धुऊन वाळवून पाहिलं, त्याचा चिखल झाला. तोही मी खाल्ला, कारण टाकवेना.

दुकानदार पकडला की मी त्याला विचारायचो, असं का केलंस? ते सगळे खाली बघायचे आणि मी ते गुन्ह्याचं लक्षण म्हणून लिहून घ्यायचो. काल खारूताईने मला तेच विचारलं. मी खाली बघितलं. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते मुलीला सांगितलं तर ती पूल सोडून घरी बसेल. म्हणून तुला सांगतो.

ती गेली की या घरात मी एकटा. तिच्या आईच्या मागे मला कधी भीती वाटली नाही, कारण मुलगी होती, तिची शाळा होती, डबे होते. आता वाटते. दिवसा वाटत नाही. संध्याकाळी दिवे लावायची वेळ झाली की कुठल्या खोलीतला लावावा तेच कळत नाही. तुझ्या जिन्याची काळजी मला खरंच आहे, पण ती सगळी काळजी जिन्याची नव्हती.

तू म्हणतेस, मागून बघ. मला मागायची सवय नाही, जप्त करायची होती. अक्का, तू ये. दुकान बंद करू नकोस, कुलूपही घालू नकोस, हिवाळ्यापुरती ये. ऊन तापलं आणि खारूताई पुलावर गेली, की तुला मी स्वतः परत पोचवायला येईन आणि तुझ्याकडेच राहीन. मीठ चाखायला तुला जीभ लागेल, ती माझी घे. मला एकट्याला करमायचं नाही ग. ये.

तुझा,
भाऊ